कंपाउंडरच्या मुलाची जखम

बारक्याला घरी येऊन सात आठवडे झाले होते आणि त्याच्या डाव्या मांडीतून अजून पाणी येत होतं.

सकाळी डोळे उघडायच्या आधीच त्याला तो वास यायचा. फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो तसा, आणि त्यात मिसळलेलं काहीतरी गंजकं. अर्धवट झोपेत त्याला वाटायचं, खोलीत उंदीर मेलाय. मग झोप पुरती उतरायची आणि कळायचं, उंदीर वगैरे काही नाही, आपणच आहोत. मांडीखालची चादर ओली होऊन चिकटलेली असायची. ती हळूहळू सोडवताना त्याला शिसारी यायची. स्वतःच्या अंगाची इतकी किळस येऊ शकते, हे सव्वीस वर्षांत त्याला कधी कळलं नव्हतं.

लहानपणी हाडकुळा होता म्हणून बारक्या. पलटणीत जाऊन छाती रुंदावली, मान जाड झाली, पण गल्लीने नाव काही बदललं नाही. डोंगराच्या उतारावरून पाण्याचे कॅन आणताना बाजूला तोफगोळा फुटला आणि त्याचा बोटाएवढा तुकडा मांडीत घुसला. त्याच्या जोडीदाराने कमरेच्या पट्ट्याला धरून त्याला आडोशापर्यंत फरफटत नेलं, म्हणून तो वाचला. लष्करी इस्पितळात महिना गेला. तिथून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, "आता नाण्याएवढी राहिलीय. घरचं जेव, रोज पट्टी बदल. तीन आठवड्यांत बंद होईल. मग तपासणी, आणि परत हजर."

पट्टी बदलायला घरात हक्काचा माणूस होता. बारक्याचे वडील एकतीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना बंद होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाचं बोट कापलं, कुणाला भाजलं, की पहिली हाक त्यांनाच. त्यांच्या हाताला एक प्रकारची शिस्त होती. सकाळी नऊच्या ठोक्याला ते टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचे, चिमटा आणि कात्री उकळून घ्यायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. मग बाटलीतलं पाणी वाटीत ओतून त्यात कापडाची पट्टी भिजवायची आणि ती जखमेत चिमट्याने बसवायची.

ते पाणी लागलं की बारक्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मांडीत कुणी निखारा दाबून धरलाय असं वाटायचं. दातांत उशीचं टोक धरूनही ओरडणं बाहेर पडायचंच.

"झोंबणारच," बाबा मान वर न करता म्हणायचे. "जंतू मरतात तेव्हा झोंबतं."

दुसऱ्या दिवशी कालची पट्टी ओढून काढली, की तिच्याबरोबर मांसाचे बारीक दाणे निघून यायचे. पट्टीवर हिरवट-निळा डाग असायचा. बारक्या तोंड भिंतीकडे करून पडून राहायचा. नाण्याएवढी जखम आता बशीएवढी व्हायला आली होती.

आणि ती बघायला लोक यायचे.

लोकांचा त्याला जखमेइतकाच वीट आला होता. समोरचा शिंपी यायचा तो मेव्हण्याला घेऊन, जणू प्रदर्शनच भरलंय. पलीकडच्या बाई नाकाला रुमाल लावून दारात उभ्या राहायच्या, पण जायच्या मात्र नाहीत. सगळ्यात चिवट म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते खुर्ची पलंगाला भिडवून बसायचे, बिस्किट चहात बुडवायचे आणि विचारायचे, "हाड दिसत होतं का रे? म्हणजे, तेव्हा?" बिस्किटाचा ओला गोळा त्यांच्या हनुवटीवर चिकटलेला असायचा. बारक्याला त्या हनुवटीकडे बघवायचं नाही. उत्तराची वाट बघताना हेडमास्तर चघळायचे थांबायचे, ते त्याहून वाईट.

कापडाचा तागा उलगडून दाखवावा तसे बाबा चादरीचं टोक उचलून धरायचे. "बघा. पण एक सांगतो, जखम भरली की हा एक दिवस घरात थांबायचा नाही. परत जाणार म्हणजे जाणार. रक्तच तसं आहे आमचं."

"वा!" हेडमास्तर म्हणायचे, आणि दुसरं बिस्किट उचलायचे.

दर पंधरा दिवसांनी सरकारी इस्पितळात जखम दाखवून यावी लागे. तिथला अहवाल पलटणीकडे जायचा. चौथ्या खेपेला डॉक्टर रजेवर होते. हेड नर्सने त्याला पडद्याआड झोपवलं. पन्नाशीची, जाड भिंगांची, बोटांना साबणाने भेगा पडलेली बाई. तिने पट्टी काढली, ती उजेडात धरली, नाकाजवळ नेली आणि ट्रेमध्ये टाकली. मग पडदा नीट ओढून घेतला.

"काय लावतोस?"

"बाबा लावतात. जंतुनाशक."

"मला मूर्ख समजतोस?" तिचा आवाज चढला नाही, फक्त कोरडा झाला. "पू हिरवा असतो. हे निळं आहे. मोरचूद आहे हे. माजलेलं मांस जाळायला लावायचे पूर्वी. तू चांगलं मांस जाळतोयस. रोज."

बारक्या उठून बसला. "मी?"

"तू नाही तर कोण? तुझ्यासारखे पाहिलेत मी. कुणी तंबाखू भरतं, कुणी खिळा घालतं. परत जायची भीती वाटते ना, ती समजू शकते मी. पण हे..." तिने ट्रेकडे बघून तोंड फिरवलं. रोज गटारासारख्या जखमा धुणारी बाई, आणि तिला त्याची किळस आली होती. "या वेळी मी काही लिहीत नाही. पुढच्या वेळी अशीच दिसली तर लिहीन. जाणूनबुजून जखम चिघळवली की तुमच्याकडे काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

ठाऊक होतं. खटला, तुरुंग, आणि जन्मभर नावापुढे पळपुटा.

तो काठी टेकत घरी आला. वाटेत दोनदा थांबला. तिने चूक केली असेल, त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याचा त्यालाच विश्वास बसला नाही. मोरचूद हा शब्द त्याने लहानपणी ऐकला होता. दवाखान्यात वरच्या फळीवर निळ्या खड्यांची बरणी असायची. खडीसाखर समजून त्याने हात घातला तेव्हा बाबांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता वर्तमानपत्र अंथरलं गेलं. बारक्या आज भिंतीकडे वळला नाही. बाबांनी चिमटा उकळला, हात धुतले. मग बाटली उचलताना क्षणभर त्यांची पाठ त्याच्याकडे झाली आणि सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद निघाला. चिमूटभर काहीतरी वाटीत पडलं. पाण्याला किंचित रंग आला, पहाटेच्या आभाळाला येतो तेवढाच.

आता बोलायचं, त्याने ठरवलं. तोंडही उघडलं.

आणि मग त्याने पाय पुढे केला.

का केला, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. आग झाली, तो ओरडला, बाबा म्हणाले झोंबणारच, आणि सगळं रोजच्यासारखं पार पडलं. पडून राहिल्यावर मात्र त्याच्या मनात एक विचार गोगलगायीसारखा सरपटत वर आला. मी काही केलेलं नाही. मला काही ठाऊक नाही. जखम भरत नाही, याला मी काय करणार? परत तो उतार नको, ती शीळ घालत येणारी गोष्ट नको, पाण्याचे कॅन नकोत. फक्त सकाळी नऊला थोडं ओरडायचं. पुढची तपासणी पंधरा दिवसांवर आहे, तोवर बघू.

दुसऱ्या दिवशीही त्याने पाय पुढे केला. तिसऱ्या दिवशी तर बाबांनी हाक मारायच्या आधीच चादर बाजूला करून तयार राहिला.

त्याच दिवशी दुपारी चौकीवरून जोडीदाराचा फोन आला. लाइन खरखरत होती.

"काय जावईबापू, लोळताय मस्त?"

"लोळतोय."

"पाय कसा?"

"आहे अजून थोडं."

"घाई नको करू. नीट बरा हो." लाइन पुन्हा खरखरली. "अरे, एक सांगायचं होतं. मुलगी झाली मला. वीस दिवस झाले."

"अरे वा! बघून आलास?"

"कसला बघतोय? तुझी जागा रिकामी, त्या दुसऱ्याची रिकामी. साहेब म्हणतात, एक जण हजर झाला की लगेच तुला सोडतो. तसं काही नाही रे, तुला घाई करतोय असं नाही. फोटो पाठवलाय बायकोने. नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं."

तो हसला. बारक्याही हसला. फोन ठेवला आणि न्हाणीघरापर्यंत पोचेपर्यंत त्याला हातातच ओकारी आली. ज्या माणसाने त्याला पट्ट्याला धरून ओढत नेलं, त्याला तो 'आहे अजून थोडं' म्हणाला होता. आरशात बघायचं त्याने टाळलं. वास आता मांडीचा येत नव्हता, सगळ्या अंगाचाच येत होता.

चौथ्या दिवशी सकाळी हेडमास्तर लवकर टपकले. चहा झाला, बिस्किटं झाली. "आता कधी निघणार आपला वीर?" त्यांनी विचारलं.

"अहो, त्याला तर आजच जायचंय," बाबा म्हणाले. "मीच दामटून झोपवलाय. जखम भरली की एक दिवस..."

"मास्तर," बारक्या म्हणाला, "तुम्ही आता या."

हेडमास्तरांनी आधी त्याच्याकडे, मग बाबांकडे बघितलं. "काय झालं?"

"पट्टीची वेळ झालीय. आणि उद्यापासून बघायला येऊ नका. बघण्यासारखं काही नाही."

हेडमास्तर गेले. बाबा हात धुता धुता चिडून वळले. "वडीलधाऱ्या माणसाशी बोलायची ही काय तऱ्हा?"

"खिशातला कागद काढा, बाबा."

"कुठला कागद?"

"निळा खडा आहे तो."

बाबा उभेच राहिले. हात नुकतेच धुतलेले, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. मग ते खुर्चीवर बसले, मास्तरांच्या खरकट्या कपाशेजारी, आणि ओले हात मांडीवर उताणे ठेवून बघत राहिले.

"तीस-एकतीस वर्षं लोकांच्या जखमा भरल्या मी," ते शेवटी म्हणाले. "किती भरल्या मोजल्या नाहीत. एक उघडी ठेवली. एकच."

"माझी."

"मग दुसऱ्या कुणाची ठेवू? दुसऱ्या कुणाचं मला काय पडलंय?"

"आणि बाहेर छाती फुगवून सांगता, परत जाणार म्हणून."

"मग काय सांगू? पोरगं जाऊ नये म्हणून त्याची मांडी जाळतोय, असं सांगू मास्तरांना?" त्यांचा आवाज फाटला. "लष्करातून तार आली ना, त्या दिवशी तार उघडायच्या आधी तुझी आई जमिनीवर पडली. मला परत ती तार नकोय. लंगडा राहा. सडका राहा. पण इथे राहा."

"नर्सला कळलंय. तिला वाटतं मीच करतोय. पुढच्या वेळी लिहिणार आहे. मला तुरुंगात घालतील, बाबा."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. एवढा शिस्तीचा माणूस, पण हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"कधी कळलं तिला?"

"चार दिवस झाले."

"म्हणजे..." बाबांनी मान वर केली. "म्हणजे तुला चार दिवसांपासून माहीत होतं? आणि तू पाय पुढे करत होतास?"

बारक्याने चादरीचं टोक मांडीवर ओढून घेतलं.

"म्हणजे तुलाही..." बाबा खुर्चीतून पुढे सरकले. ओल्या डोळ्यांत एकदम काहीतरी लुकलुकलं. "तुलाही जायचं नाहीये. हो ना? मग सोपं आहे रे. नर्सला कळणार नाही असं करता येतं. मोरचूद नको. दुसरं आहे. डाग पडत नाही, वास येत नाही. मी बघतो सगळं. तू फक्त..."

त्यांनी आशेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बारक्याला आजवर पुवाची किळस आली होती, वासाची आली होती, हेडमास्तरांच्या हनुवटीची आली होती. पण बापाच्या चेहऱ्यावरच्या त्या आशेची आली तशी कशाचीच आली नव्हती. कारण तीच आशा तीन दिवस त्याच्या स्वतःच्या पोटात वळवळत होती, आणि आता ती त्याला बाहेरून, समोरून, दात काढून हसताना दिसत होती.

त्याने तो हात उचलून बाजूला ठेवला. लाथाडला नाही. पण बोटं आपल्या अंगाला परत लागू नयेत, एवढ्या बेताने ठेवला. मग चादर बाजूला सारली, कालची पट्टी काढून टाकली, काठी घेतली आणि उघड्या जखमेवर एक स्वच्छ टॉवेल गुंडाळून तसाच इस्पितळात गेला.

हेड नर्स त्याला बघून कपाळाला आठ्या घालून उभी राहिली.

"रोज इथे येईन," तो म्हणाला. "तुमच्या हाताने पट्टी करा. कुलूप लावल्यासारखी चिकटवा, हवं तर वर सही करा. दुसऱ्या दिवशी सही तुटलेली दिसली तर लिहा."

तिने भिंगांतून त्याला निरखलं. "घरी कोण करत होतं?"

"मीच."

"खोटं बोलता येत नाही तुला," ती म्हणाली. "झोप तिकडे."

त्यानंतर पाच आठवडे तो रोज गेला. नुसतं कोमट मिठाचं पाणी, मऊ जाळीदार कापड, आणि वर चिकटपट्टीवर नर्सची वाकडी सही. तिसऱ्या आठवड्यात कडेने गुलाबी कातडी आत सरकू लागली. वास आधी कमी झाला, मग गेला. तरी सकाळी उठल्यावर बारक्या सवयीने नाक आकसून पडायचा.

घरात बोलणं कमी झालं. बाबांनी वाढलेलं ताट त्याच्या घशाखाली उतरेना. आईने वाढलं की तो जेवायचा. बाबांना ते कळलं आणि त्यांनी वाढणं सोडलं. नऊ वाजता ते अंगणात जाऊन बसायचे. धुतलेले हात कोरडे करत राहायचे, वाळले तरी.

तपासणीच्या आदल्या दिवशी आई दोरीवरचे कपडे काढत होती. तो तिच्या मदतीला गेला. दोरीच्या टोकाला जुन्या पट्ट्या वाळत होत्या. बाबा पट्टी करायचे तेव्हा त्या रोज धुऊन, उकळून, पुन्हा वापरण्यासाठी घडी घालून ठेवायचं काम आईचंच होतं; आज तिने त्या शेवटच्या धुतल्या होत्या. पट्ट्यांवर फिकट निळे डाग होते.

"किती घासलं, निघतच नाहीत," आई म्हणाली.

तो पट्टी हातात धरून थांबला. आईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती चिमटे काढून टोपलीत टाकत राहिली.

"आई, तुला माहीत होतं?"

"मी रोज धुवत होते. मला नाही तर कुणाला माहीत असणार?" तिने चादरीची दोन टोकं जुळवली. "तू ओरडायला लागलास की मी नळ मोठा सोडायचे. भांड्यांवर पाणी पडलं की ऐकू येत नाही."

त्याला वाटलं, आता पुन्हा ओकारी येईल. वाट पाहिली. आली नाही. चादरीची उरलेली टोकं आईने त्याच्यापुढे धरली. थोडा वेळ त्याने ती घेतली नाहीत. मग घेतली. दोघांनी मिळून घडी घातली.

तपासणीत डॉक्टरांनी त्याला उकिडवं बसायला लावलं, पळायला लावलं, व्रणावर अंगठा दाबून पाहिला. "खड्डा राहील," ते म्हणाले, "पण चालेल." कागदावर शिक्का बसला.

बसस्टँडवर गल्लीतले दहा-बाराजण आले. हेडमास्तर राग विसरून आले होते आणि मोठ्या आवाजात चार वाक्यं बोलले. मग ते वळून म्हणाले, "कंपाउंडर, तुम्हीही बोला काहीतरी! तुमच्याच हातांनी बरा केलात त्याला."

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. कुणीतरी हळव्या आवाजात म्हणालं, "गहिवरून आलंय त्यांना." बारक्याला वाटलं, ओरडून खरं काय ते सांगून टाकावं. बाबा त्याच्याकडेच बघत होते, सांगितलं तरी चालेल अशा चेहऱ्याने. त्याने बॅग उचलली. आईला वाकून नमस्कार केला. बाबांच्या समोर आला तेव्हा वाकायचं होतं, पण पाठ वाकेना. ते दोघे हातभर अंतरावर नुसते उभे राहिले. मग कंडक्टरने घंटी वाजवली.

दोन दिवसांनी दुपारी तो चौकीवर पोचला. चढणीला मांडी ओढत होती, पण पाय पडत होता. जोडीदार त्याला बघून आडोशातून धावत आला, पाठीवर एक थाप दिली, आणि पाचव्या मिनिटाला त्याची बॅग भरून तयार होती. ती बहुधा महिनाभरापासून भरलेलीच असावी.

"घरच्यांनी सोडलं लगेच?" बुटाची नाडी बांधता बांधता त्याने विचारलं.

"नाही," बारक्या म्हणाला. "जा तू. गाडी चुकेल."

जोडीदार उताराने अक्षरशः उड्या मारत खाली गेला. तो दिसेनासा झाल्यावर बारक्या आत येऊन त्याच्या रिकाम्या खाटेवर आडवा झाला. घोंगडीला घामाचा, रॉकेलचा आणि ओल्या मोज्यांचा वास येत होता. त्याने ती घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.